भिंतीपासून सुरुवात करणाऱ्या भोईरबाई

आमच्या शाळेच्या ऑफिसात कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. वर मथळा : ‘कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर’. खाली नऊ कलमं. अक्षर माझं. मी याद्या करणारी बाई आहे. घंटेच्या दोरीपासून परीक्षेच्या पुरवण्यांपर्यंत कशाची ना कशाची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली असतेच, त्यामुळे शाळेत या कागदाचं कोणाला नवल नाही. पण यंदा नव्याने रुजू झालेल्या गणिताच्या सरांनी खडूचा डबा काढायला कपाट उघडलं, कागद वाचला आणि विचारलं, "मॅडम, यातलं पहिलं कलम चुकून पडलंय का?"

पहिलं कलम आहे : चहा ठेवा.

चुकून पडलेलं नाही. ते भोईरबाईंचं आहे. खरं तर नऊच्या नऊ कलमं त्यांची. माझं फक्त अक्षर.

भोईरबाई मुरबाडच्या. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. बुटक्या, अंगाने भक्कम, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात लटकता आणि घड्याळ उजव्या मनगटात. खांद्याला एक जाड कापडी पिशवी. तिच्यात तीन स्क्रू-ड्रायव्हर, रंगाचा ब्रश, बॅटरी, शाळेतली पोरं वापरतात तसलं पांढरं खोडरबर आणि दुपारच्या भाकरीचा डबा. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जिथे म्हणून टेबलाखाली सीपीयूचा डबा आहे, मग ती शाळा असो, ग्रामपंचायत असो की दवाखाना, तिथल्या भिंतीवर कुठेतरी पेन्सिलीने त्यांचा मोबाइल नंबर लिहिलेला असायचा. गाडी नव्हती. एस.टी. आणि जीप. डोळखांबच्या पुढे आमच्या शाळेपर्यंत यायला त्यांना मुरबाडहून दोन गाड्या बदलाव्या लागत, आणि तरी त्या सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शहापूरला, शाळांच्या क्लार्क लोकांच्या प्रशिक्षणात. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवायचा मुख्य कॉम्प्युटरच सुरू होईना. आम्ही वीस-बावीस जण भोवती. प्रत्येकाकडे उपाय. एकाने सीपीयूवर थाप मारली. एकाने बटण दहा वेळा दाबलं. तेवढ्यात या आल्या, खुर्ची बाजूला सारली आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या.

"काल शेवटी कोणी बंद केला?"

आम्ही सगळे एकेक पाऊल मागे सरकलो.

"ओरडायला नाय विचारत. शेवटचं काय केलंत ते सांगा."

"काहीच नाही केलं, मॅडम," आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले.

"‘काहीच नाय केलं’ म्हणतो ना, त्यानेच सगळ्यात जास्त केलेलं असतं," बाई म्हणाल्या. "जा, चहा सांगा."

चहा आला. तो अर्धा संपेपर्यंत त्या पावसावर, भातावर, किन्हवलीच्या रस्त्यावर बोलल्या. कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. पेले खाली ठेवताना तेच ज्येष्ठ गृहस्थ हळूच म्हणाले, "काल मोबाइल चार्जिंगला लावायला मी मागची एक पिन काढली होती. परत लावली की नाही आठवत नाही."

लावली नव्हती. बाईंनी स्वतः लावलीही नाही. "ज्याने काढली त्यानेच लावायची," म्हणाल्या. त्या गृहस्थांनी टेबलाखाली शिरून पिन बसवली आणि बाहेर आले ते घामाघूम, पण चेहऱ्यावर शर्यत जिंकल्यासारखा आनंद.

चहाचं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. "बंद पडलेल्या मशीनपुढे माणूस आधी घाबरतो, मग खोटं बोलतो. चहा होईपर्यंत खऱ्यावर येतो. मशीन खोटं बोलत नाय, म्हणून त्याला शेवटी विचारायचं."

त्यांची दुसरी सवय लोकांना जास्त खटकायची. त्या स्वतः दुरुस्ती करत नसत. समोर उभ्या राहत, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि मालकाकडून करवून घेत. स्क्रू त्याने काढायचा, झाकण त्याने उघडायचं, धूळ त्याने झाडायची. कोणी म्हणालं, "बाई, तुम्हीच करा ना, पटकन होईल," तर म्हणायच्या, "पटकन होईल, आणि पुढच्या महिन्यात मी पटकन परत येईन. मला काय दुसरी कामं नाय?" एका ग्रामसेवकाने एकदा चिडून विचारलं होतं, मग तुम्ही कशाला आलात? बाई शांतपणे म्हणाल्या, "तू घाबरू नये म्हणून."

ही रीत त्या स्वतःवरूनच शिकल्या होत्या. मुरबाडला टायपिंगच्या क्लासमध्ये त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. क्लास बंद झाला, टायपिंगची यंत्रं भंगारात गेली आणि कोपऱ्यात एक बंद पडलेला कॉम्प्युटर उरला, जो भंगारवाल्यानेही नको म्हटला. बाईंनी तो रिक्षात घालून घरी नेला. पुढचे सहा महिने रोज दुपारी तो उघडायचा, एक-एक भाग काढून वर्तमानपत्रावर मांडायचा, तसाच परत बसवायचा. "बंद पडलेल्याला आपल्या हातून बिघडायचं भय नसतं," त्या म्हणायच्या. "शिकायचं तर त्याच्यावर शिकावं." सहा महिन्यांनी तो सुरू झाला. कशाने झाला ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही, आणि हे त्या उघडपणे सांगत.

आमच्या शाळेत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाची गोष्ट. झाकण उघडण्याआधी त्यांनी मला बांगड्या उतरवायला लावल्या आणि म्हणाल्या, "खिडकीच्या गजाला हात लावून या." अंगात साठलेली बारीक वीज लोखंडातून निघून जावी, आतल्या नाजूक भागांना तिचा चटका बसू नये, एवढंच कारण. ते त्यांनी मला सांगितलंही. पण आमच्या शिपाई मावशींनी फक्त पाहिलं, ऐकलं नाही. तेव्हापासून मावशी ऑफिस झाडायला आल्या की आधी खिडकीच्या गजाला हात लावायच्या, तो कपाळाला टेकवायच्या आणि मगच सीपीयूवर फडकं फिरवायच्या. पुढच्या वेळी बाईंनी हे पाहिलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "करू दे. कपाळाला लावल्याने काय बिघडत नाय. गजाला लावायची नाय विसरली, हे महत्त्वाचं."

त्याच दिवशी जेवताना त्यांना फोन आला. हात भाकरीने भरलेला, म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे मुरबाडकडच्या एका पंचायतीतला ऑपरेटर.

"मॅडम, कॉम्प्युटर चालूच होत नाय."

"भिंतीपासून सुरुवात कर. भिंतीवरचं बटण?"

"चालू हाय."

"एक्स्टेन्शन बोर्डाचं?"

"चालू."

"दिवा पेटलाय का?"

"पेटलाय ना. चांगला लख्ख हाय."

"कुठला दिवा?"

"खोलीतला."

बाईंनी घास खाली ठेवला. डोळे मिटले. मग अगदी मायेने म्हणाल्या, "बाळा, खोली चालू हाय हे कळलं. आता टेबलाखाली वाक."

मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "हसू नका, क्लार्कबाय. तो खोटं नाय बोलला. त्याला जेवढं विचारलं तेवढं त्याने सांगितलं. चूक विचारणाराची." त्या मला सुरुवातीपासून ‘क्लार्कबाय’ म्हणत. रागात असल्या की ‘मॅडम’.

त्या दिवशी निघताना माझ्या टेबलाच्या काचेखालची यादी वाचून त्यांनी विचारलं, "हे शेवटचं काय?" शेवटचं कलम होतं : ‘जनरल रजिस्टर, पेनड्राइव्हवर प्रत’. मी म्हटलं, या आठवड्यात करते. शाळेत आजवर दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद ज्यात असते ते जनरल रजिस्टर. जुनी वही गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात छप्पर गळून भिजली होती. पानं एकमेकांना पापडासारखी चिकटलेली, शाई पसरलेली. सुदैवाने त्याआधीच्या दोन सुट्ट्यांत मी ते सगळं रजिस्टर कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. त्याची प्रत मात्र काढली नव्हती. ते कलम दर सोमवारी जुन्या यादीवरून नव्या यादीवर जात असे, माझ्याच सुबक अक्षरात.

आणि मग दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी तो दिवस आला.

सविता आमची जुनी विद्यार्थिनी. डोळखांबच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. घरचे भात कापून झालं की कामाला बाहेर पडणारे; ही मात्र आमच्याच शाळेतून बारावी झाली आणि तिला नाशिकला नर्सिंगला जागा लागली. शेवटची फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत शाळा सोडल्याचा दाखला दाखवायचा, नाहीतर जागा खालच्या नंबरला. तिचा मूळ दाखला घरच्या पेटीत वाळवीने खाल्ला होता. दुसरी प्रत द्यायची तर रजिस्टरातली नोंद हवी. सकाळी दहाला ती ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा. आणि आतून लांब, कर्कश ‘टीं… टीं…’

मी बाईंना फोन केला. त्या नेमक्या अलीकडे, किन्हवलीला होत्या. सविताची शेवटची जीप चारची. तिला रात्रीपर्यंत कसाऱ्याला आपल्या मावशीकडे पोचून पहाटे नाशिक गाठायचं होतं. बाई साडेबाराला आल्या. आमचे हेडमास्तर सर व्हरांड्यात येरझारा घालत होते. सविता पायरीवर बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकची रिकामी फाइल.

"तू काय म्हणून शिकणार गो?" बाईंनी तिला विचारलं.

"नर्स."

"मग बस शांत. रडून पेशंट बरा होत नाय." मग माझ्याकडे वळून, "शेवटचं काय केलंत?"

"काहीच नाही केलं," मी म्हणाले.

 बाई मावशींना म्हणाल्या, "चहा ठेव."

"बाई, वेळ नाहीये!" सर दारातून ओरडले.

"म्हणून तर."

चहा उकळायच्या आतच मी सांगितलं. दसऱ्याला आम्ही ऑफिसात शस्त्रपूजा करतो. घंटा, शिलाई मशीन, कॉम्प्युटर. पूजा मीच केली होती. सीपीयूला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. डब्याच्या वरच्या बाजूला वारा जायला बारीक भोकं होती. ते मला दिसत होतं. पूजेच्या गडबडीत सुचलं नाही.

"देवावर टाकता तशा टाकल्या," बाई म्हणाल्या. "देवाच्या डोक्याला भोकं नसतात. उघडा."

मी गजाला हात लावला, बांगड्या उतरवल्या, स्क्रू काढले. आत अक्षता होत्याच, कुंकवाने लाल झालेल्या. पण नुसत्या अक्षता नव्हत्या. काळ्या लेंड्याही होत्या. डब्याच्या मागची एक पट्टी कधीच पडून गेली होती. त्या फटीतून उंदीर अक्षतांसाठी आत आला होता आणि दोन आठवडे माझ्या पूजेचा प्रसाद खात होता.

"टीं टीं करतोय म्हणजे बोलतोय," बाई म्हणाल्या. हात पाठीमागे. "बोलतोय म्हणजे जिता हाय. ती उभी पट्टी काढा, हिरवी. रॅम ती. तिचे सोनेरी दात रबराने पुसा. पाटी पुसल्यासारखं नाय, पोराचं तोंड पुसल्यासारखं."

मी पुसलं. खाच ब्रशने साफ केली. पट्टी खट्‌ आवाज येईपर्यंत दाबली. बटण दाबलं. पडदा उजळला! सविता उठून उभी राहिली. सर आत आले. आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटून तिथेच थांबली : डिस्क सापडत नाही.

 रजिस्टर त्या डिस्कवर होतं. फक्त त्याच डिस्कवर.

"प्रत कुठाय, मॅडम?" बाईंनी विचारलं. ‘मॅडम’.

मी काचेखालच्या यादीकडे बोट दाखवलं. त्यांनी ते कलम पुन्हा वाचलं. 

त्यांनी बॅटरी पेटवून आत धरली. "ती लाल वायर बघा. डिस्कपासून खाली जाते ती. बोट फिरवा तिच्यावरून." मी बोट फिरवलं. मध्यावर वायर कुरतडलेली होती, तांब्याची तार उघडी.

"डिस्क वाचली, वायर गेली," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात घाई आली. "तशीच वायर सीडीच्या खणाला हाय. सीडी कोण लावतं आता? काढा ती तिथनं, इथं लावा."

एवढं सोपं. तरी वायरीचं टोक माझ्या हातून तीनदा निसटलं. एकदा मी म्हणाले, "तुम्ही लावा हो, माझ्याने नाही होत." त्या एक पाऊल मागे सरकल्या. "होतंय. उलटं धरलंय फक्त."

चौथ्यांदा बसलं. पावणेतीनला विंडोजचा निळा पडदा आला आणि मावशींनी हात जोडले. आमचं मशीन जुनं. सगळं नीट उघडायला सहा-सात मिनिटं घेतं. रजिस्टरची फाइल दिसताक्षणी माझा हात माउसवर गेला.

"उघडू नका," बाई म्हणाल्या. "आधी उचला. मग उघडा."

"अहो, तिची जीप…" सर म्हणाले.

"सर, हिच्या एकटीचा दाखला हाय का त्यात? सगळ्या पोरांचे जन्म हायत." त्यांनी पिशवीतून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हात तुमचा हाय."

मी पेनड्राइव्ह लावला. कॉपी, पेस्ट. अर्धं मिनिट लागलं असेल. दर सोमवारी मी जे पुढे ढकलत होते ते अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पेनड्राइव्ह काढला, मग फाइलवर दोनदा टिचकी मारली. वाळूचं घड्याळ फिरायला लागलं.

आणि लाइट गेली.

आमच्याकडे लाइट गेली की कधी येईल हे विचारायची पद्धत नाही. सर भिंतीला टेकले. सविताच्या हातातली फाइल खाली पडली. बाई मात्र पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होत्या. बोटाएवढी एक जोड-वायर निघाली. तिचं एक टोक त्यांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये घातलं, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. आणि चष्मा नाकावर चढवला.

"दाखल्याचं पुस्तक छापील हाय ना तुमचं? मग पेन काढा. टेबल बाहेर घ्या, उजेडात."

व्हरांड्यात टेबल आलं. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर रजिस्टर उघडलं. बाई हात लांब करून मोबाइल धरायच्या आणि वाचायच्या, मी लिहायची, सर खांद्यावरून वाकून प्रत्येक ओळ पुन्हा ताडून बघायचे. नाव. आईचं नाव. रजिस्टर नंबर. प्रवेशाची तारीख. जन्मतारखेशी आल्यावर बाई थांबल्या आणि सविताकडे बघून मोठ्याने वाचली.

"हीच का गो?"

"हीच," सविता म्हणाली.  "नागपंचमीच्या आदल्या दिवसाची. आई सांगते."

"मग अक्षरी लिहा, क्लार्कबाय. सावकाश. खाडाखोड नको."

मी ती तारीख अक्षरी लिहिली. नोकरीत हजारो दाखले लिहिले असतील. एवढ्या जपून एकही लिहिला नाही. सरांनी सही केली. मावशींनी शिक्का आणला, मी त्यावर श्वास सोडून तो ठसठशीत उमटवला. चारला पाच कमी होते.

त्या दिवसानंतर आमच्या शाळेत भोईरबाईंना बोलवायची वेळ आलेली नाही. त्यानंतर आमचा कॉम्प्युटर तीनदा अडला आणि तिन्ही वेळा मी उठवला. मुरबाडला अजून त्या काम करतात असं कळतं. मधूनमधून फोन होतो. मी म्हणते, या ना एकदा. त्या म्हणतात, "मशीन बंद पडलंय का?" मी नाही म्हणते. त्या म्हणतात, "मग कशाला?" आणि त्यांना मनापासून आनंद झालेला असतो. त्यामुळे त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, शाळेच्या फाटकाशी.

जीप भरून उभी होती. बाई आणि सविता मागच्या बाजूला कशाबशा बसल्या. ड्रायव्हरने चावी फिरवली. जीपने घरघर केली आणि गप्प झाली. पुन्हा तेच.

"उतरा रे सगळे! धक्का मारा!"

सविताही उतरायला लागली. बाईंनी तिला खांद्याला धरून परत बसवलं. "तू नाय. कागद घेऊन कोणी धक्का मारतं का?" आणि स्वतः उतरल्या. पिशवी सविताच्या मांडीवर टाकली, पदर आणखी घट्ट खोचला आणि चार पुरुषांच्या मधोमध जीपला खांदा लावला. आमच्या फाटकापुढे रस्ता उतरता आहे. जीप हलली, खाली सरकली, आचका देऊन सुरू झाली, आणि ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. पुरुष पळत जाऊन मागे लटकले. बाई सगळ्यांच्या मागे राहिल्या. साडी एका हाताने उचलून त्या पळत होत्या, हसत होत्या, चष्मा छातीवर आपटत होता. जीपमधून सविता कमरेपर्यंत बाहेर वाकली. एका हाताने फाइल पोटाशी, दुसरा हात लांब केलेला.

"बाय, हात द्या! द्या ना हात!"

बाईंनी हात दिला. पोरीने एका ओढीत त्यांना वर घेतलं.